कॅम्प, फॅमिली अडॉप्शन आणि वागणूक : सेकंड इयरच्या मुलाला पीएसएमवालीचं लांबलचक उत्तर

प्रश्न असा आलाय. मुलगा ठाण्यात सेकंड एमबीबीएसला आहे. ठरलेल्या शनिवारी सकाळी साडेसहाला कॉलेजची बस शहापूर तालुक्यातल्या एका गावात नेते, फॅमिली अडॉप्शनसाठी. शिवाय अधूनमधून रविवारी कुठल्या तरी संस्थेचा नाहीतर नगरसेवकाचा कॅम्प लागतो आणि ग्रुपवर मेसेज पडतो की अटेंडन्स कंपल्सरी. इकडे फार्मा, पॅथो, मायक्रोची सबमिशन्स डोक्यावर. त्याने तीन गोष्टी विचारल्यात. हे खरंच कंपल्सरी आहे का आणि नाही गेलो तर टर्म जाते का? तिथे वागण्याचे एवढे नियम कशाला, फोटो काढू नका, गोळी देऊ नका, असं बोला तसं बोलू नका, वॉर्डात तर एवढं कोणी सांगत नाही? आणि मागच्या वेळी एका आजींचा बीपी १८० च्या वर आला तेव्हा सिनियर म्हणाला लिही आणि पुढच्या घरी चल, ते बरोबर होतं का?

शेवटच्याचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही, बरोबर नव्हतं. का ते पुढे येईलच.

मी नवी मुंबईत कम्युनिटी मेडिसिन शिकवते, म्हणजे पोरांच्या भाषेत पीएसएमवाली (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, विषयाचं जुनं नाव) मॅडम, त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं असणार हे गृहीत धरूनच वाच.

कंपल्सरीचं बघू. इथे दोन वेगळ्या गोष्टींची भेसळ होते आणि ती कॉलेजवालेही करतात आणि पोरंही. फॅमिली अडॉप्शन हा अभ्यासक्रमाचा भाग आहे. नॅशनल मेडिकल कमिशनने २०२१-२२ च्या बॅचपासून तो आणला, प्रत्येक विद्यार्थ्याने फर्स्ट इयरपासून तीन-पाच कुटुंबं घ्यायची आणि पुढची वर्षं त्याच कुटुंबांकडे जात राहायचं. त्या व्हिजिट कम्युनिटी मेडिसिनच्या तासांत धरतात, त्यांचं लॉगबुक असतं, आणि परीक्षेला बसायला थिअरीला ७५ टक्के नि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते ती तुला माहितीच आहे. म्हणजे शनिवारची बस चुकवणं हे पॅथोचं प्रॅक्टिकल चुकवण्यासारखंच आहे. एकदा चुकली तर आभाळ कोसळत नाही, सवय लागली तर मात्र लॉगबुकवर सही मिळायला अडचण येणार आणि तिथे रडून उपयोग नाही.

रविवारचा कॅम्प वेगळा. एखाद्या मंडळाने मैदानात मंडप घातला, स्टेजवर हार-तुरे, बाजूला बीपी-शुगरची दोन टेबलं, तिथे तू गेलास तर चांगलंच आहे, हात बसतो, पण तो तुझ्या अभ्यासक्रमातला तास नाही. डिपार्टमेंटने स्वतः लावलेला आणि लॉगबुकमध्ये धरला जाणारा कॅम्प असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा एचओडींना (विभागप्रमुखांना) किंवा बॅचच्या इन-चार्जना शांतपणे विचार की मॅडम, यातले पोस्टिंगमध्ये कुठले धरतात आणि ऐच्छिक कुठले. विचारण्यात उद्धटपणा काही नाही. ग्रुपवर "सर हे फेअर नाही" असं रात्री बाराला टाकण्यात आहे.

आणि माझ्या बिरादरीतल्यांनाही सांगायला हवं, उद्घाटनाच्या खुर्च्या भरायला विद्यार्थी नेणं बंद करा. ॲप्रन घातलेली तीस पोरं पाहुणे येईपर्यंत उन्हात उभी आणि पाहुणे गेल्यावर अर्ध्या तासात मंडप रिकामा, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी बघितलंय. पोरं त्यातून काय शिकतात? हेच की कम्युनिटी मेडिसिन म्हणजे बॅनर. मग पुढे इंटर्नशिपला पीएचसीचं (प्राथमिक आरोग्य केंद्राचं) पोस्टिंग आलं की सह्या करून घरी पळतात आणि आपण त्यांना नावं ठेवतो.

तसं हे विद्यार्थ्याला गावात न्यायचं प्रकरण आजचं नाहीये. १९४६ साली भोर समितीने लिहून ठेवलं होतं की डॉक्टर होणाऱ्याला तीन महिने प्रिव्हेंटिव्ह आणि सोशल मेडिसिनचं ट्रेनिंग हवं, सोशल फिजिशियन घडवायचा म्हणून. १९७७ ला रोम स्कीम आली, मेडिकलचं शिक्षण गावाकडे वळवायची सरकारी योजना, मेडिकल कॉलेजांनी तीन-तीन ब्लॉक (विकासगट) सांभाळायचे, त्यासाठी गाड्याही मिळाल्या. दर पिढीत कोणीतरी हे नव्याने आणतं आणि दर पिढीतली पोरं कुरकुरतात, आम्हीही कुरकुरायचो. फरक एवढाच की आता तेच कुटुंब तुझ्याकडे काही वर्षं राहतं, दरवेळी नवीन गाव नाही, आणि माझ्या मते या स्कीममधली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच आहे.

आता वागण्याचं. वॉर्डात कोणी एवढं सांगत नाही म्हणतोस, ते खरं आहे आणि ते वाईटच आहे, पण तरी फरक समजून घे. वॉर्डात पेशंट त्याच्या दुखण्यासाठी तुमच्या दारात आलेला असतो. गावात तू त्याच्या दारात गेलायस आणि त्याने तुला बोलावलेलं नाही. त्याला ताप नाही, खोकला नाही, तो आपला भात झोडायला निघालाय आणि चार पोरं वही घेऊन विचारतायत की घरात माणसं किती, संडास आहे का, दारू पिता का, बायकोची पाळी शेवटची कधी आली. तुझ्या वाशीच्या नाहीतर घोडबंदरच्या फ्लॅटमध्ये कोणी असं येऊन विचारलं तर? वॉचमननेच खालून परत पाठवलं असतं. तो माणूस मात्र ओट्यावर गोणपाट टाकतो आणि म्हणतो बसा. त्याच्या या चांगुलपणावर तुझं अख्खं लॉगबुक उभं आहे, म्हणून नियम.

पहिलं, अहो-जाहो. शहरातली आपली पोरं, अगदी चांगल्या घरातली, पाड्यावरच्या पन्नाशीच्या माणसाला सरळ "तू" म्हणतात. "तुला खोकला किती दिवस आहे?" त्यांना वाटतं गावची भाषा अशीच असते. गावात लोक एकमेकांना अरे-तुरे करतही असतील, पण ते एकमेकांना. तू बाहेरचा, वयाने लहान, तुझ्या तोंडून तुम्हीच यायला हवं. काका, मावशी, आजी, आणि नाव विचारलंस तर पुढच्या वेळी ते लक्षात ठेव. कातकरी वाडीत तर हे जास्तच सांभाळायचं, कारण त्यांना अरे-तुरे करणारे आणि हाकलणारे आयुष्यभर भेटलेत, बाजारात, कचेरीत, दवाखान्यातसुद्धा. तीच गोष्ट शहरातल्या फील्डची. तुर्भे स्टोअर, दिघा, मुंब्रा इथे हिंदी बोलणारी कुटुंबं भेटतात, तिथे आडनाव ऐकून मुलं किती आणि खातात काय याचा अंदाज आधीच बांधून जाणारी पोरं मी बघते. विचार ना, तोंड आहे की तुला.

बाईंना खासगी प्रश्न विचारायचे तर आशाताईंना बरोबर घे, किंवा तुझ्या जोडीची मुलगी विचारू दे आणि तू तोवर पोराचं वजन कर. सासू समोर बसलेली असताना सुनेला पाळणा लांबवायला काय वापरता हे विचारून उत्तर खरं येणार आहे का? "काही नाही" असं येतं, आणि पोरं वहीत "कॉन्ट्रासेप्शन : निल" लिहून मोकळी होतात. तीच सून विहिरीकडे जाताना आशाताईंना सांगते की दोन वर्षांपूर्वी तांबी (कॉपर-टी) बसवलीये.

दिला तर चहा घे. डायटिंग, इन्फेक्शन, ग्रीन टी, काही सांगू नकोस. पाणी पिववत नसेल तर आत्ताच प्यायलो म्हण, पण नाक मुरडू नकोस. जेवण मात्र कोणाकडे मागायचं नाही, डबा न्यायचा, आणि त्याची प्लास्टिकची पिशवी परत आणायची.

पाण्यावरून आठवलं. हेल्थ टॉकमध्ये हात धुण्याच्या स्टेप्स दाखवणं हा पोरांचा आवडता आयटम. शहापूर तालुक्यात भातसा, तानसा आणि मोडकसागर आहेत, मुंबईला पाणी तिथून जातं, आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे मध्ये टँकरची वाट बघतात. अशा ठिकाणी मे महिन्यात उभं राहून नळ सोडून वीस सेकंद हात धुवा असं सांगणारा विद्यार्थी बघितला की बायका पदराआड हसतात, आणि हसतात ते बरोबरच आहे. आधी विचार की पाणी कुठून आणता, किती हंडे मिळतात, मग सांग की जेवायच्या आधी, पोराला भरवायच्या आधी आणि शी धुतल्यावर एवढं तरी साबणाने धुवा, तांब्याने पाणी घालून. हे त्यांना जमतं.

आता लॉगबुक, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण वागणुकीचा खरा प्रश्न इथे आहे, ॲप्रनला इस्त्री आहे की नाही हा नाही. खोटं लिहू नकोस. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, पनवेलकडे, कुठे कुठे, आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. जानेवारीत तुझ्या पाचातल्या दोन घरांना कडी असणार. तर "घर बंद, कुटुंब भट्टीवर, शेजारच्यांकडून कळलं" असं लिही आणि तारीख टाक. ती एक ओळ माझ्यासाठी भरलेल्या चार पानांपेक्षा महत्त्वाची आहे, कारण त्यातून कळतं की त्या पोरांचा लसीचा डोस कुठे चुकतो आणि अंगणवाडीचा खाऊ का मिळत नाही. पण पोरं काय करतात, बसमध्ये बसून मागच्या व्हिजिटचे आकडे थोडे हलवून उतरवतात.

आम्हाला कळत नाही असं तुम्हाला का वाटतं हे मला कधी कळलेलं नाही. साधा काटा असलेला बीपीचा ॲपरेटस दोन-दोन मिलिमीटरच्या रेघांचा असतो, त्यावर वाचलेला आकडा सम येतो, आणि तू लिहितोस १२३/७७. डिजिटल मशीनवर येऊ शकतो तसा, पण तुमच्या बॅचला डिजिटल दिलेलंच नसतं. दुसरीकडे सगळ्या घरात सगळ्यांचा १२०/८०, सत्तर वर्षांच्या आजोबांपासून बाळंतिणीपर्यंत. एका लॉगबुकात एका वर्षाच्या बाळाचं वजन ९.२ किलो, तीन महिन्यांनी ९.२, पुढे तीन महिन्यांनी परत ९.२. मी त्या मुलाला बोलावून विचारलं की हे खरं असेल तर तू सहा महिने काय करत होतास? कारण दीड वर्षाच्या पोराचं वजन सहा महिने जागचं हलत नसेल तर ते पोर खंगतंय, त्याच्या दंडाला टेप लावून बघायला हवी होती, अंगणवाडीत जाऊन ग्रोथ चार्ट बघायला हवा होता, घरात कोणाला टीबी आहे का विचारायला हवं होतं. आणि हे खोटं असेल तर तू एका खऱ्या मुलाच्या नावावर खोटा कागद केलायस. तो खाली मान घालून उभा. आकडे खोटे होते. मग पुढच्या शनिवारी त्याला परत पाठवलं, काटा घेऊन, एकट्या त्या घरासाठी आशाताईंबरोबर. बाळ ठीक होतं, दहा किलोच्या पुढे गेलेलं.

दंडाच्या टेपचं आलंच आहे तर सांगते, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली आला तर ते तीव्र कुपोषण, त्याच दिवशी अंगणवाडीताई आणि पीएचसीला कळवायचं, सोमवारवर टाकायचं नाही. टेप खिशात मावते. स्टेथो गळ्यात घालून सेल्फी काढण्यापेक्षा ती खिशात असू दे.

आता गोळ्या. तू सेकंड इयरला आहेस, तुझं रजिस्ट्रेशन नाही, तू औषध लिहू शकत नाहीस आणि "ही घ्या, बरं वाटेल" असं सांगून देऊही शकत नाहीस, जरी गावातले सगळे तुला डॉक्टर म्हणत असले तरी. म्हणणारच ते, ॲप्रन दिसला की डॉक्टर. पहिल्याच वाक्यात सांगायचं, "मी अजून शिकतोय, आमचे डॉक्टर तिकडे शाळेत बसलेत, गरज लागली तर त्यांच्याकडे घेऊन जातो." याने तुझी किंमत कमी होत नाही. उलट लोक मोकळं बोलतात, मोठ्या डॉक्टरला जे सांगायचं नसतं ते शिकणाऱ्या पोराला सांगतात.

त्या आजींचं बघ. १८० च्या वर आला. पहिलं म्हणजे घाबरवायचं नाही, "बापरे" असं तोंडातून निघता कामा नये. त्यांना बसव, पाच मिनिटं गप्प बसू दे, लाकडं आणून आत्ताच टेकल्यात का, तंबाखू किंवा मिश्री लावलीये का ते विचार, कफ नीट बांध, हात टेकवून परत घे. दुसऱ्यांदाही तेवढाच आला तर छातीत दुखतं का, धाप लागते का, डोळ्यापुढे अंधारी, एका बाजूला अशक्तपणा, बोलताना जीभ जड, हे विचार. यातलं काही हो आलं तर वही बंद, लगेच इंटर्नला किंवा एसआरना (सिनियर रेझिडेंट डॉक्टरांना) फोन, गाडीची सोय, शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात. काहीच नसेल तरी त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांनी त्यांना बघायला हवं, चिठ्ठी लिहून पीएचसीला पाठवायला हवं, आणि त्या चिठ्ठीवर आकडा, तारीख, कोणी घेतला हे सगळं हवं. आशाताईंच्या वहीतही नोंद. "लिही आणि पुढे चल" यात आजींच्या हाती काय पडलं? काहीच नाही. तू एक आकडा घेऊन गेलास एवढंच.

आणि पीएचसीला जायला सांगताना एक गोष्ट नक्की सांग की तिथे पैसे लागत नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात आरोग्य खात्याच्या सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत केलेत, केसपेपरचेही पैसे घेत नाहीत, पण पाड्यावर हे माहीत नसलेली माणसं अजून भेटतात आणि ती याच कारणाने घरी बसतात. दुसरं कारण गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी. त्यावर तुझ्याकडे उत्तर नसतं, पण पीएचसीत बीपी-शुगरच्या गोळ्या कुठल्या वारी देतात आणि त्याच दिवशी बाजारही असतो का, एवढं आशाताईंना विचारून ठेवलंस तर एक खेप वाचते.

कॅम्पमध्ये दहा दिवसांच्या बीपीच्या गोळ्या वाटून निघून जाणं हा प्रकार मला अजिबात पटत नाही. अकराव्या दिवशी काय? तो माणूस समजतो औषध झालं, बरं झालं. त्यापेक्षा एकही गोळी न देता वीस जणांना पीएचसीच्या रजिस्टरमध्ये आणलंत तर तो कॅम्प मी यशस्वी मानेन. "पाचशे लाभार्थी" वगैरे बॅनरवर छान दिसतं. मी कॅम्पनंतर एकच विचारते, बीपी-शुगर जास्त निघालेल्यांतले किती जण महिन्याभरात दवाखान्यात पोचले. शांतता पसरते.

याच्या उलटही सांगते. मागच्या एका बॅचमधली मुलगी, तिच्या फॅमिलीतल्या बाईंचं हिमोग्लोबिन सातच्या आसपास. तिने "आयर्न खा" असं सांगून वही मिटली नाही. विचारलं, गोळ्या मिळतात का? मिळतात की. दाखवता का? बाईंनी फळीवरचा पत्र्याचा डबा काढला, आत लाल गोळ्यांच्या पट्ट्या, सगळ्या भरलेल्या. का नाही घेत? तर मळमळतं आणि शी काळी होते, बाईंना वाटलं आतून रक्त जातंय. कोणी सांगितलंच नव्हतं की लोहाच्या गोळीने शी काळी होणारच, घाबरायचं नाही, आणि सकाळी उपाशीपोटी चहाबरोबर घेतली तर मळमळतंही आणि चहामुळे लोह नीट लागतही नाही. रात्री जेवल्यावर, पाण्याबरोबर, एवढा बदल. त्या मुलीने स्वतः डोस ठरवला नाही हं, सिस्टरांना बोलावून आणलं, त्यांनी समजावलं, पीएचसीच्या डॉक्टरांनी बघितलं, सिकलसेलची तपासणीही करून घेतली, जी या पट्ट्यात आदिवासी समाजात करायलाच हवी. पुढच्या व्हिजिटला डब्यातल्या पट्ट्या रिकाम्या होत्या. लॉगबुकात तिने फक्त "डबा बघितला" असं लिहिलं होतं, मला वायवात (तोंडी परीक्षेत) विचारावं लागलं तेव्हा हे सगळं बाहेर आलं.

मोबाईल. कॉलेजला जिओटॅग फोटो हवा असतो, हजेरीचा पुरावा म्हणून, मान्य. तो तुमच्या ग्रुपचा काढा, शाळेसमोर, पीएचसीच्या बोर्डाखाली. पेशंटचा चेहरा, उघडं पोट, नागडं पोर, चुलीपाशी बसलेली म्हातारी, हे नाही. विचारून काढला तरी ती बाई नाही म्हणू शकते का याचा विचार कर, पाच ॲप्रनवाले दारात उभे असताना? आणि त्यावर सॅड म्युझिक टाकून "ग्राउंड रिॲलिटी" म्हणून रील, हे बघितलं की माझं डोकंच फिरतं. पोरं मला सांगतात की मॅडम, एनएमसीचे (नॅशनल मेडिकल कमिशनचे) नवीन नियम स्थगित आहेत. २ ऑगस्ट २०२३ ला डॉक्टरांच्या वर्तणुकीचे नवे नियम निघाले, त्यात सोशल मीडियाचा भाग होता, आणि त्याच महिन्यात २३ तारखेला ते थांबवले, हे खरंय. पण २००२ चे जुने नियम आहेत ना, पेशंटची गुपितं बाहेर न बोलण्याचं त्यातही आहे. तू रजिस्टर्ड डॉक्टर नाहीस म्हणून ते तुला थेट लागू नाहीत असा वकिली मुद्दा काढशील तर कॉलेजची शिस्त समिती आहेच.

फोटोपेक्षा धोक्याची तुमची तोंडं. आसनगाववरून लोकल पकडली की ठाणे येईपर्यंत चार जण मोठमोठ्याने केस डिस्कस करतात, "अरे ती वरच्या पाड्यावरची, नवऱ्याला टीबी आणि ती पण पॉझिटिव्ह निघाली." त्याच डब्यात त्या गावची भाजीवाली नाहीतर कंपनीत जाणारा पोरगा बसलेला असतो. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदाच आहे, कोणाचं स्टेटस त्याच्या संमतीशिवाय सांगायला त्यात मनाई आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर एक्सरे टाकताना कोपऱ्यातलं नाव झाकलं का बघ, आणि डिस्कस करायचं तर कॉलेजात परत आल्यावर.

बसमधली गाणी, दंगा, मला चालतं. वऱ्हाडासारखं जा, पण गावाच्या फाट्यावर बंद. सिनियरांनी ज्युनियरांना मशीन्स उचलायला लावणं, नाचायला लावणं, "इंट्रो" घेणं हे बसमध्ये झालं तरी रॅगिंगच, २०२१ चे एनएमसीचे नियम हॉस्टेलच्या भिंतीपाशी संपत नाहीत. तसं काही होत असेल तर मला नाही तर अँटी-रॅगिंग कमिटीला सांग.

पावसात बंद बूट, सोबत टॉर्च. भातलावणीच्या दिवसांत त्या भागात साप निघतात, मण्यार, फुरसं, आणि पोरं सँडल घालून बांधावरून उड्या मारतात. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नकोस, अशा पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोचं तुम्ही मायक्रोत शिकताच आहात. मुलींनी एकटीने कुठल्याही घरात आत जायचं नाही, मुलांनीही नाही, जोडीनेच. परतीच्या बसमध्ये डोकी मोजल्याशिवाय ड्रायव्हरला चल म्हणायचं नाही.

शहरातलं फील्ड असेल तर वेळ बदलून घ्या. यूएचटीसीच्या (कॉलेजच्या शहरी आरोग्य प्रशिक्षण केंद्राच्या) वस्तीत सकाळी अकराला कोण सापडणार? पुरुष नाक्यावर किंवा एमआयडीसीत, बायका घरकामाला. उरतात म्हाताऱ्या आणि पोरं, आणि मग रिपोर्टमध्ये येतं की वस्तीत साठीच्या वरच्यांना बीपी जास्त. कमाल आहे! संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी जायला डिपार्टमेंट तयार होत नाही, ड्रायव्हरचा ओव्हरटाइम निघतो, ही खरी अडचण आहे, पण मागणी तुम्ही केलीत तर आम्हाला वर बोलायला बरं पडतं. येऊरच्या पाड्यांवर जाणाऱ्या ठाण्याच्या पोरांना हे प्रवासाचं तरी दुखणं नाही, तासाभरात पोचता येतं, तरी तिथे बाकीचं सगळं लागू.

राहिलं सबमिशनचं. पीएसएमची परीक्षा थर्ड पार्ट वनला आहे म्हणून आत्ता त्याला कोणी विचारत नाही, हे मला माहितीये. पण प्रॅक्टिकलला क्लिनिको-सोशल केस येते, कुटुंबाचं घर, उत्पन्न, खाणं, आजार, दवाखान्यापर्यंत का पोचले नाहीत, हे सगळं मांडायचं असतं. ज्याने तीन-चार वेळा एकाच घरी जाऊन गप्पा मारल्यात तो दहा मिनिटं न अडखळता बोलतो. बाकीचे पाठ केलेलं मॉडिफाइड कुप्पुस्वामी (कुटुंबाचा आर्थिक-सामाजिक स्तर मोजायची स्केल) म्हणून दाखवतात आणि एक्स्टर्नलने (बाहेरून आलेल्या परीक्षकाने) "गावातल्या कुटुंबाला कुप्पुस्वामी कशाला लावलंस, ती स्केल शहराची" असं विचारलं की गार पडतात.

एखाद्या शनिवारी पॅथोचं इंटर्नल खरंच आडवं येत असेल तर आदल्या आठवड्यात बॅच इन-चार्जना लेखी दे, दुसऱ्या बॅचबरोबर अदलाबदल माग, पॅथोच्या मॅडमची सही वर घे. बहुतेक ठिकाणी देतात, मी तरी देते. फक्त शुक्रवारी रात्री मेसेज टाकून पोट बिघडलं म्हणू नकोस, त्या एका रात्री अर्ध्या बॅचचं पोट बिघडलेलं असतं. आणि बदली घेतलीस तर आशाताईंना फोन करून कळव की या शनिवारी आम्ही येत नाही, पुढच्या येतो, त्या घरच्यांना कामावर न जाता थांबवून ठेवतात.